आजोबांचा खोकला, नातवाची सर्दी

आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाला एक छोटा हॉल आहे. सकाळी नऊ ते अकरा तेथे वर्तमानपत्रे वाचली जातात, थोडी योगासने होतात, कॅरम चालतो आणि मग दिवसभर कुलूप. त्याच गल्लीच्या टोकाला भाड्याच्या खोलीत अंगणवाडी भरते. पावसाळ्यात तिचे छप्पर गळते. गेल्या महिन्यात संघाच्या एका सभासदांनी सूचना मांडली की, अंगणवाडी आपल्या हॉलच्या पडवीत भरू द्यावी आणि आठवड्यातून काही दिवस मुलांनी व ज्येष्ठांनी तासभर एकत्र बसावे. यावर बराच खल झाला. काही सभासद म्हणाले, "घरात शांतता नाही म्हणून इथे येतो, आता इथेही पोरांचा गोंगाट!" मुलांच्या आयांचे म्हणणे अंगणवाडीताईंनी मांडले, तेही स्पष्ट होते. "म्हाताऱ्या माणसांचे आजार आमच्या लेकरांना लागले तर जबाबदार कोण?" शेवटी डॉक्टरांना विचारावे असे ठरले आणि प्रश्न माझ्याकडे आला. निर्णय महिनाअखेरच्या बैठकीत व्हायचा आहे. प्रश्न एका गल्लीचा असला तरी अशा गल्ल्या आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत, म्हणून उत्तर या सदरातूनच देतो.

आपल्याकडे आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्रच असतात, त्यासाठी वेगळा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पूर्वी ते खरे होते. आज माझ्या दवाखान्यात रक्तदाब तपासायला येणाऱ्या दहा ज्येष्ठांना विचारले, तर निम्म्यांची नातवंडे पुण्याला, नाशिकला नाहीतर परदेशात असतात आणि भेट होते ती मोबाईलच्या पडद्यावर. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे देशात सुमारे १० कोटी ४० लाख होती. महाराष्ट्रात तर लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के. दुसरीकडे, नोकरीसाठी आपल्या गावात येऊन राहिलेल्या जोडप्यांच्या मुलांना येथे आजी नाही. म्हणजे नातवंडांवाचून आजी आणि आजीवाचून नातवंडे एकाच गल्लीत राहतात आणि त्यांची गाठ पडत नाही.

आता आयांच्या भीतीकडे वळू. ही भीती बिनबुडाची नाही. मात्र ज्या आजारांची भीती वाटते ते लागत नाहीत आणि जे लागतात त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते, असा माझा अनुभव आहे. एका आईने मला विचारले होते, "डॉक्टर, सासरे मुलाला आपल्या ताटात जेवायला घेतात. त्यांना शुगर आहे, मुलाला होणार नाही ना?" मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात, सांधेदुखी, मोतीबिंदू, कंपवात, विसराळूपणाचा आजार यांपैकी एकही एकाच्या ताटातून दुसऱ्याच्या पोटात जात नाही. हात थरथरणाऱ्या आजोबांच्या मांडीवर बसल्याने मुलाचे हात थरथरत नाहीत. पांढरे डाग, म्हणजे कोड, हेही संसर्गाने होत नाही.

नागिणीची गोष्ट थोडी वेगळी आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर त्यांचे विषाणू शरीरातील मज्जातंतूंत दडून राहतात आणि उतारवयात प्रतिकारशक्ती कमी झाली की अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात. यालाच आपण नागीण म्हणतो. (तिचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे.) नागिणीच्या फोडांतील पाणी लागले, तर ज्या मुलाला कांजिण्या झालेल्या नाहीत व त्यांची लसही दिलेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोडांवर खपल्या धरेपर्यंत आजीने फोड झाकावेत आणि मुलांपासून दूर राहावे. एवढे पुरते. गंमत अशी की, लंडनमधील डॉक्टरांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या प्रौढांचा लहान मुलांशी वरचेवर संबंध येत होता त्यांना नागीण कमी प्रमाणात झालेली आढळली. मुलांच्या सहवासाने दडलेल्या विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती जागी राहत असावी, असे त्याचे स्पष्टीकरण देतात.

खरी भीती बाळगायची ती जुन्या खोकल्याची. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा खोकला हा घरातील घड्याळाच्या टिकटिकीसारखा झालेला असतो, कोणी ऐकतच नाही. "त्यांना बिडीचा खोकला आहे", "थंडीत दमा उसळतो", "वयच झालं" असे म्हणून महिनेच्या महिने जातात. दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे अडीच वर्षांची एक मुलगी आणली. महिनाभर बारीक ताप, वजन वाढत नाही, खेळणे बंद. आईने मुलीची सगळी हकिकत सांगितली. मी विचारले, घरात कोणी खोकतं का? आई म्हणाली, नाही. तेवढ्यात तिला घेऊन आलेले आजोबा दाराबाहेर खोकले. मी त्यांना आत बोलावले. "अहो डॉक्टर साहेब, हा खोकला दिवाळीपासूनचाच आहे, नवीन नाही," ते म्हणाले. तेव्हा होळी जवळ आली होती. त्यांच्या बेडक्यात क्षयाचे जंतू निघाले. तपासणीत नातीलाही क्षयरोग ठरला. दोघांनीही उपचार पूर्ण केले आणि दोघेही बरे आहेत. आजोबांची तपासणी दिवाळीतच झाली असती, तर मुलीला सहा महिने औषध घ्यावे लागले नसते.

क्षयरोगाचा जंतू मोठ्या माणसाच्या खोकल्यातून हवेत येतो आणि लहान मुलाच्या फुप्फुसात जातो. उलट दिशेने तो क्वचितच जातो, कारण लहान मुलांच्या खोकल्यातून हे जंतू फारसे बाहेर पडत नाहीत. पाच वर्षांखालील मुलांत हा रोग मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचण्याचा धोका अधिक. जन्मतः दिलेली बीसीजीची लस अशा गंभीर प्रकारांपासून बऱ्याच अंशी वाचवते, पण ती पूर्ण कवच नव्हे. ज्येष्ठांपैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांना क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून नियम एकच. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला की तो बिडीचा असो, दम्याचा असो वा वयाचा, बेडका आणि छातीचा एक्स-रे तपासलाच पाहिजे. सरकारी केंद्रात ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. घरात असा रुग्ण निघाल्यास तेथील पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाला तपासून, त्याला रोग नसेल तर प्रतिबंधक औषध देतात. तेही मोफतच. योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण काही आठवड्यांत रुग्णापासूनचा संसर्ग बराच ओसरतो. तोवर त्याने तोंडाला रुमाल किंवा मास्क लावावा, वेगळ्या हवेशीर खोलीत झोपावे. त्याला घराबाहेर काढण्याचे काही कारण नाही.

येथवर वाचून मुलांच्या आया म्हणतील, बघा, आम्ही म्हणत होतो तेच खरे. पण आता दुसरी बाजू पाहा. क्षयरोग सोडला, तर रोजच्या व्यवहारात आजाराची गाडी जास्त करून मुलांकडून म्हाताऱ्यांकडे जाते. मुलाची दोन दिवसांची सर्दी पंचाहत्तरीच्या आजोबांच्या छातीत उतरते आणि त्यांना न्यूमोनिया होऊन दवाखान्यात न्यावे लागते. नाक वाहणारे मूल खेळत-बागडत असते, म्हणून कोणाला संशय येत नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला जपानचा. तेथे १९६२ पासून शाळकरी मुलांना इन्फ्लुएंझाची लस टोचण्याची मोहीम होती. पुढे लसीच्या उपयुक्ततेबद्दल शंका निघाल्या, १९८७ मध्ये पालकांना नकार देण्याची मुभा मिळाली आणि १९९४ मध्ये मोहीम थांबली. २००१ साली काही संशोधकांनी तेथील मृत्यूंचे जुने आकडे तपासले. त्यांना आढळले की, मुलांना लस टोचली जात होती त्या काळात हिवाळ्यातील जादा मृत्यू, मुख्यतः वृद्धांचे, खूप खाली आले होते आणि मोहीम थांबल्यावर ते पुन्हा चढले. वर्षाला ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत असावेत, असा त्यांचा हिशेब होता. आकड्यावर वाद होऊ शकतो, पण सुई नातवाच्या दंडात आणि जीव वाचला आजीचा, ही गोष्ट त्यातून दिसली.

न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धच्या लसीनेही असाच अनुभव दिला. अमेरिकेत २००० सालापासून तान्ह्या मुलांना ही लस देऊ लागले. काही वर्षांतच, ज्यांना ती दिलीच नव्हती अशा पासष्टीपुढच्या माणसांतही त्या जंतूंचे गंभीर आजार कमी झाले. कारण उघड आहे. मुलांच्या नाका-घशात जंतू राहिले नाहीत, तर ते पुढे जाणार कोठून? भारतात ही लस सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर आली आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा ती मोफत मिळते. "गावात कोणाला न्यूमोनिया नाही, मग कशाला बाळाला रडवायचे?" असे म्हणणाऱ्या आजीबाई मला भेटतात. त्यांना मी सांगतो, "आजी, ही सुई तुमच्यासाठीसुद्धा आहे." ज्येष्ठांनी स्वतः इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी पावसाळ्याआधी घेतलेली बरी. तिला पैसे पडतात, पण तेवढ्या पैशांत दवाखान्यातील एक दिवसही निघत नाही.

जंतूंखेरीजचे धोकेही थोडक्यात सांगतो, कारण ते माझ्या दवाखान्यात जास्त वेळा येतात. पहिला, गोळ्यांची पिशवी. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड, दोन-तीन वर्षांच्या मुलाने एखादीच गिळली तरी त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि तीही काही तासांनी, मूल अगदी ठीक दिसत असताना. अशा मुलाला शुद्धीवर असेल तर गोड काही द्यावे आणि तडक रुग्णालयात न्यावे. "खेळतोय की छान" म्हणून घरी ठेवू नये. रक्तदाबाच्या गोळ्याही मुलांना तितक्याच घातक. तेव्हा गोळ्या उशाखाली, चष्म्याच्या घरात किंवा पदराच्या गाठीत ठेवण्याची सवय सोडावी. दुसरा धोका मशेरीचा. आजी दात घासते तशी नात बोट डब्यात घालते आणि काही वर्षांत तिला ती सोडवत नाही. मुलांसमोर मशेरी, तंबाखू, बिडी नको, हे मी आजींना चारचौघांत सांगतो आणि त्या माझ्यावर रागावतात. रागावू देत. तिसरा धोका ज्येष्ठांना. जमिनीवर विखुरलेले ठोकळे आणि पायांत धावणारे मूल यांत अडखळून खुब्याचे हाड मोडले, तर सत्तरीनंतर माणूस पुन्हा पूर्वीसारखा चालेलच याची खात्री देता येत नाही.

एवढे सगळे धोके सांभाळून एकत्र बसायचे, तर त्यातून मिळते काय?

जगात हे प्रयोग बरेच झाले आहेत. टोकियोच्या एदोगावा भागात कोतोएन नावाची संस्था आहे. तिने १९७० च्या दशकातच वृद्धाश्रमाला बालवाडी जोडली. तेथे मुले आणि ज्येष्ठ सकाळी एकत्र कवायत करतात. अमेरिकेत सिअॅटल येथे सुमारे चारशे वृद्ध राहत असलेल्या एका निवासात १९९१ मध्ये पाळणाघर सुरू झाले. लंडनमध्येही २०१७ साली एका वृद्धाश्रमाच्या आवारात बालवाडी उघडली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टीव्हीवर एक कार्यक्रम गाजला. त्यात चार वर्षांच्या दहा मुलांना सहा आठवडे वृद्धांबरोबर ठेवले आणि डॉक्टरांनी वृद्धांची मनःस्थिती, चाल, हाताची पकड मोजली. काहींची सुधारली. मी स्वतः याला फार मोठा पुरावा मानत नाही. टीव्हीसाठी निवडलेल्या मूठभर माणसांवरून औषध ठरवता येत नाही.

जास्त विश्वास ठेवावा असे काम बाल्टिमोर शहरात झाले. तेथे साठीपुढच्या स्वयंसेवकांना आठवड्याला पंधरा तास प्राथमिक शाळांत पाठवले. त्यांनी मुलांकडून वाचून घ्यायचे, ग्रंथालय लावायचे, भांडणे सोडवायची. शाळेत जाण्याच्या निमित्ताने ज्येष्ठांचे चालणे वाढले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या तपासणीत, अशा काम करणाऱ्या स्त्रियांच्या मेंदूतील लक्ष एकाग्र करणाऱ्या भागाचे काम वाढलेले दिसले. येथे ध्यानात घ्यायची गोष्ट ही की, या ज्येष्ठांना मुलांकडे पाहत नुसते बसवले नव्हते, काम दिले होते. ज्याला काम आहे तो सकाळी दाढी करतो, चष्मा शोधतो, गोळी वेळेवर घेतो. माझ्या रुग्णांत हा फरक मी उघड्या डोळ्यांनी पाहतो.

पण औषधाला मात्रा असते, तशी सहवासालाही असते. मेलबर्नमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातून एक दिवस नातवंडे सांभाळणाऱ्या स्त्रिया बुद्धीच्या चाचण्यांत सर्वांत पुढे होत्या. पाच किंवा अधिक दिवस सांभाळणाऱ्या मात्र एका चाचणीत मागे पडल्या. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण सून-मुलगा दोघे नोकरीला आणि सकाळी सात ते संध्याकाळी सात दोन नातवंडे कडेवर, अशा आजींचे गुडघे, रक्तदाब आणि चिडचिड मी रोज तपासतो. "नातवंडांत जीव रमतो" हे खरे असले तरी त्याच्या नावाखाली साठीच्या बाईला बिनपगारी दाई करणे बरे नव्हे. वाचकांपैकी काहींना हे झोंबेल.

आपल्याकडचा दाखला हवा असेल, तर ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या बायका गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या आणि घरी त्यांचा अभ्यास नातवंडे घेऊ लागली. येथे देणारा कोण आणि घेणारा कोण, हे ठरवणे अवघड आहे.

मुलांना काय मिळते? वेळ मिळतो. एकच गोष्ट पाच वेळा सांगायला आईला सवड नसते, आजीला असते. बोलायला शिकणाऱ्या मुलाला नेमके हेच हवे असते की, आपल्या बोबड्या शब्दाला कोणीतरी तोंडाकडे पाहून उत्तर द्यावे. आणि काठी घेऊन चालणारा, दात नसलेला, हळू बोलणारा माणूस हा भिण्याचा विषय नव्हे, हे मुलाला चौथ्या वर्षीच कळते.

गोंगाटाच्या तक्रारीबद्दल एक वैद्यकीय बाब सांगितली पाहिजे. वयानुसार कमी होणारी श्रवणशक्ती आधी उंच पट्टीच्या आवाजांची जाते. मुलांचा आवाज उंच पट्टीचा असतो. त्यामुळे ज्येष्ठांना मुलांचा कलकलाट ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत आणि मग त्रास होतो. जे सभासद सर्वांत जास्त रागावले, त्यांनी आधी कान तपासून घ्यावेत असे मी नम्रपणे सुचवतो. कानात मळ असतो, तो काढला तरी काहींचे काम होते. मुलांनाही सांगावे की, आजोबांशी ओरडून बोलू नका. समोर बसून, तोंड दिसेल असे सावकाश बोला.

तेव्हा संघाला माझे उत्तर असे. पडवी अंगणवाडीला द्यावी. एकत्र बसणे मात्र आठवड्यातून दोनच दिवस, सकाळी दहा ते अकरा असावे. ज्यांना शांतता हवी त्यांच्यासाठी बाकीचे दिवस मोकळे राहतील. सक्ती कोणावर नको, मुलांवरही नाही. सुरुवातीला चार-पाच ज्येष्ठ आणि दहा-बारा मुले पुरेत. शेंगा सोलणे, धान्य निवडणे, कुंडीत मेथी पेरणे, कागदाच्या होड्या करणे, गोष्ट सांगणे, असे हाताला काम असावे. ज्येष्ठांना हात असलेल्या खुर्च्या द्याव्यात, मुले सतरंजीवर बसतील, मधली वाट मोकळी राहील. आल्याबरोबर दोघांनीही साबणाने हात धुवावेत. ताप, ओकाऱ्या-जुलाब, अंगावर पुरळ किंवा वाहते नाक असेल तर मूल असो वा आजोबा, त्या दिवशी सुट्टी. आणि कोणतेही मूल कोणाही एका मोठ्या माणसाबरोबर एकटे राहणार नाही. ताई किंवा मदतनीस सतत समोर असाव्यात. यात कोणी अपमान मानू नये. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे त्यांनाही जरूर आणावे, मात्र घरचे माणूस शेजारी असावे आणि ते कंटाळले की लगेच उठू द्यावे.

येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मी हॉलवर येऊन बसणार आहे. आयांनी मुलांची लसीकरणाची कार्डे आणावीत, राहिलेल्या सुया कोणत्या ते पाहू. सभासदांनी आपापल्या गोळ्यांची पिशवी आणावी. आणि ज्यांचा खोकला दिवाळीपासूनचा आहे त्यांनी, नवीन नाही म्हणून घरी न बसता, सर्वांच्या आधी यावे.